‘आधी वापरणार नाही’ म्हटल्याने शेजाऱ्याला धीर येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की भारताने अण्वस्त्र आधी वापरणार नाही असा शब्द दिलाय, मग पाकिस्तानला आपली भीती कमी वाटायला नको का? बरीच वर्षं या विषयावर वाचतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपलाच अनुभव बघा. चीनने १६ ऑक्टोबर १९६४ ला लोप नूरला पहिला अणुस्फोट केला आणि त्याच दिवशी सांगून टाकलं की आम्ही कधीही, कुठल्याही परिस्थितीत अण्वस्त्र आधी वापरणार नाही. बासष्टचं युद्ध होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. त्या शब्दाने दिल्लीत कुणाला धीर आला? २४ ऑक्टोबरला होमी भाभा आकाशवाणीवरून अणुबॉम्बचा खर्च कसा आवाक्यातला आहे ते सांगत होते. १९९८ मध्ये पोखरणनंतर वाजपेयींनी क्लिंटनना पत्र लिहिलं, त्यातही रोख मुख्यतः चीनवरच. जे चौतीस वर्षांत आपल्याला पटलं नाही, ते पाकिस्तानने आपल्याकडून मुकाट्याने मान्य करावं, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

सोव्हिएत रशियानेही १९८२ मध्ये असंच जाहीर केलं होतं. नाटोने ते मनावर घेतलं नाही, आणि १९९३ मध्ये रशियाने स्वतःच ते सोडून दिलं.

पाकिस्तानचं दुखणं तर वेगळंच आहे. त्यांना खरी धास्ती आपल्या रणगाड्यांची आणि मोठ्या फौजेची. अण्वस्त्राबद्दलचा शब्द तिला कुठे उत्तर देतो? म्हणून तर त्यांनी २०११ मध्ये साठ किलोमीटर पल्ल्याच्या ‘नस्र’ क्षेपणास्त्राची चाचणी केली, घुसलेल्या फौजेवर रणांगणातच डागायला.

मग हा शब्द फुकट आहे का? अजिबात नाही, आणि तो सोडावा म्हणणाऱ्यांशी मी ठामपणे असहमत आहे. ज्याला आधी मारायचं नाही, त्याला बोट चापावर ठेवून बसावं लागत नाही. आपल्याकडे अनेक वर्षं अण्वस्त्र एकीकडे आणि ते वाहून नेणारं क्षेपणास्त्र दुसरीकडे, अशीच ठेवण होती असं मानलं जातं. जुळवाजुळव करायला वेळ लागतो. ऐन तणावात, एखादी चुकीची खबर आली तर ती तपासायला तेवढीच फुरसत मिळते. शेजाऱ्याला धीर येतो तो या ठेवणीमुळे.

आणि आता मला काळजी वाटते ती इथेच. २०१६ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री पर्रीकर म्हणाले होते की स्वतःला बांधून का घ्यायचं (मंत्रालयाने ते वैयक्तिक मत असल्याचं लगेच सांगितलं), २०१९ मध्ये राजनाथ सिंह म्हणाले की पुढचं परिस्थितीवर अवलंबून. त्यावर भरपूर चर्चा झाली. पण अग्नी-५ बंद नळकांड्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये ठेवतात, त्याबद्दल कितीजण बोलले? सीलबंद नळकांड्यातल्या क्षेपणास्त्राला अस्त्र आधीच जोडून ठेवता येतं. अरिहंतसारखी पाणबुडी गस्तीवर गेली की अस्त्रं सोबत न्यावीच लागतात. समोरच्याला बाहेरून फक्त नळकांडं दिसतं, आत काय जोडलंय ते दिसत नाही. २००३ च्या अधिकृत अणुधोरणातला आपला शब्द अजून कायम आहे, पण रावळपिंडीतला, म्हणजे पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयातला अधिकारी हिशेब करताना ते नळकांडंच धरणार.