डिग्री घेतली म्हणून तलावाचं लायसन मिळत नाही

भाऊ, साकोलीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्स ६१ टक्क्यांनी पास, फिशरीजची डिग्री केली की गावच्या मामा तलावात (म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावात) जाळं टाकायची सरकारी परवानगी त्याच्या नावावर निघेल का, असं विचारलंय तुम्ही. आणि शेवटी एका ओळीत, "तो आयटीआय, इलेक्ट्रिशियन असं काहीतरी म्हणतो पण त्याचं काय ऐकायचं". मला मार्कांची काळजी नाही, या ओळीची आहे. अठरा वर्षांचा पोरगा स्वतःहून काही मागतोय, आणि तुम्ही तलावाचा हिशोब करून मोकळे!

आता तलावाचं. डिग्री म्हणजे मासेमारीचा परवाना नाही. तलाव ज्याच्या ताब्यात, म्हणजे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय खातं, त्यांच्याकडून तो काही वर्षांच्या ठेक्यावर जातो आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थेला प्राधान्य असतं. संस्थेचं सभासद व्हायला क्रियाशील मच्छीमार असावं लागतं, म्हणजे खरंच त्यावर पोट असलेला माणूस. तुमच्याकडे ती ढिवर समाजाची माणसं आहेत, पावसाळ्यात कटला-रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडतात, महिनोन्महिने राखण करतात, मग कुठे जाळं ओढतात. तुमचं धान्याचं दुकान आहे म्हणता, मग पोराला कागदावर मच्छीमार दाखवून त्यांच्या ताटातलं घ्यायचं का? मला हे अजिबात पटत नाही, आणि यात मी मदत करणार नाही.

मुलालाच माशांची आवड असती तर गोष्ट वेगळी. नागपूर, उदगीर, रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयं आहेत, चार वर्षांची बीएफएससी, पुढे एमपीएससीतून खात्यात जाता येतं. पण तुमच्या अख्ख्या पत्रात त्याला मासे आवडतात असं एकदाही आलेलं नाही. धंदा तुम्हालाच करायचा असेल तर स्वतःच्या शेतात शेततळं खोदा, त्यातला मासा तुमचाच, आणि त्यासाठी पोराची चार वर्षं लागत नाहीत. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय ऑफिसात जाऊन योजनेचं विचारा.

आयटीआयचा फॉर्म मात्र मुदतीत भरू द्या, इलेक्ट्रिशियनला काम कमी नाही. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या, शेजारी बसून सांगू नका काय लिहायचं ते.