स्कॅन केलेल्या निगेटिव्हला प्रदर्शनात जागा द्यावी का?

प्रश्न : आमच्या फिल्म छायाचित्रण मंडळातील काही ज्येष्ठ सभासदांना, निगेटिव्ह स्कॅन करून छापलेली चित्रे प्रदर्शनात नको आहेत. आपले मत काय?
— एक वाचक, दादर

उत्तर : अशा चित्रांना जरूर जागा द्यावी. १९९६ मध्ये फुजीफिल्मचे फ्रंटियर यंत्र आल्यानंतर अनेक लॅबमधून मिळणाऱ्या रंगीत प्रिंट निगेटिव्ह स्कॅन करून, लेसरने कागदावर उमटवलेल्याच असत, आणि आपण त्या निःशंकपणे अल्बममध्ये लावल्या. शिवाय मुंबईतल्या एका खोलीच्या घरात एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारे यंत्र, ठेवायचा कोठे? पावसाळ्यातल्या दमट हवेत निगेटिव्हवरच्या जिलेटिनच्या थरावर बुरशीचे बारीक, फांद्या फुटलेले धागे पसरतात, आणि प्रतिमा खराब झाल्यावर आधी केलेला स्कॅनच काय तो हाती उरतो.

ज्येष्ठांची एक भावना मात्र मला मनापासून पटते. लाल दिव्याखाली, डेव्हलपर या रसायनाच्या ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू उमटताना पाहणे, याला पर्याय नाही. म्हणूनच प्रत्येक चित्राखाली ‘सिल्व्हर जिलेटिन प्रिंट’ (म्हणजे डार्करूमच्या अंधाऱ्या खोलीत रसायनांनी केलेली) किंवा ‘स्कॅनवरून इंकजेट’ असे स्पष्ट लिहावे, आणि नव्या सभासदांना डार्करूमचे कामही आवर्जून शिकवावे. स्कॅन झाला म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नये. ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी.