कंडोमही आणि विथड्रॉवलही, तरी धाकधूक का?

कंडोम किंवा गोळ्या चालू असताना जोडीला विथड्रॉवलही केलं, म्हणजे वीर्यपतनाआधी पुरुषाने लिंग योनीतून बाहेर काढलं, तर दिवस राहण्याची भीती कितपत उरते? समुपदेशनात हा प्रश्न फार वेळा येतो, आणि बहुतेकदा पाळी पुढे गेल्यावरच येतो. उत्तर दिलासा देणारं आहे, पण त्याला एक अट आहे. ती अट नीट लक्षात यावी म्हणून एका जोडप्याची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत.

लग्नाला काही वर्षं झालेली, एक मूल, दुसरं इतक्यात नको यावर दोघांचं एकमत. तिची पाळी आठवडाभर लांबली होती. "मॅडम, आम्ही दोन-दोन उपाय करतो. कंडोम असतो, शिवाय मी वेळेत बाहेर काढतो. मग असं होईलच कसं?" बोलत होता तो. ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत गप्प बसली होती.

अशा वेळी काही सांगण्याआधी मी घडलेलं कागदावर मांडून घेते. दोघांना वेगवेगळे कागद दिले. मागच्या पाळीपासून जेव्हा जेव्हा संबंध आले, ते आठवेल तसं लिहा, एकमेकांचं बघू नका, एवढंच सांगितलं. त्याच्या कागदावर प्रत्येक ओळीत ‘कंडोम’ होतं. तिच्या कागदावर मात्र दोन ठिकाणी ‘नंतर घातला’ आणि एका ठिकाणी ‘नव्हता, सेफ दिवस’ असं लिहिलेलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले, तेव्हा तो बराच वेळ तिच्या अक्षराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सुरुवातीला नसतो कधीकधी, हे खरंय. पण शेवटी घालतोच की."

सगळी मेख इथेच आहे. त्यांच्या मनात दोन उपाय एकावर एक रचलेले होते. प्रत्यक्षात ते आलटून पालटून चालले होते, आणि ज्या रात्री कंडोम नव्हता त्या रात्री भिस्त फक्त विथड्रॉवलवर होती.

मग मी त्यांना आकडे सांगितले. नुसतं विथड्रॉवल करणाऱ्या 100 जोडप्यांपैकी, माणसं रोजच्या आयुष्यात जसं करतात तसं धरलं तर, वर्षभरात सुमारे 20 जणींना दिवस राहतात. एकदाही चूक न करता केलं तर हे प्रमाण सुमारे 4 वर येतं. कंडोमचे आकडे अनुक्रमे साधारण 13 आणि 2. आता दरवेळी कंडोम पहिल्यापासून घातलेला असेल आणि शिवाय वीर्यपतन बाहेर होत असेल, तर दिवस राहायला दोन्ही उपाय एकाच वेळी फसावे लागतात. ढोबळ हिशेबाने दोन्ही काटेकोर पाळणाऱ्यांत वर्षाला 100 मागे 1 हूनही बरीच कमी शक्यता उरते. कंडोम फाटला किंवा सटकला, तरी वीर्य आत गेलेलं नसतं. म्हणजे जोडीला केलेलं विथड्रॉवल वाया जात नाही, हे मी अगदी खात्रीने सांगते. पण हा फायदा जोडीने वापरणाऱ्यांचा. आज हे, उद्या ते असं करणाऱ्यांच्या पदरात तो पडत नाही.

"पण बाहेर काढण्यात माझी चूक होत नाही," तो म्हणाला. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नव्हती. तरी वीर्यपतनाआधी जो थोडा चिकट स्राव येतो, त्यात काही पुरुषांमध्ये जिवंत शुक्रजंतू आढळतात. तो स्राव कधी आला हे कळत नाही, थांबवताही येत नाही. म्हणून उशिरा घातलेला कंडोम हा अर्धाच कंडोम. त्याआधी जे आत गेलं त्याला तो काय करणार? लैंगिक संसर्गाचंही तेच. त्यापासून विथड्रॉवल संरक्षण देत नाही. सुरुवातीपासून घातलेला कंडोमच ते काम करतो.

राहिला सेफ दिवसांचा भाग. तिची पाळी कधी 26 दिवसांनी, कधी 33 दिवसांनी येते. बीज साधारण पुढच्या पाळीच्या दोन आठवडे आधी सुटतं, म्हणजे ते कधी सुटेल हे तिच्या बाबतीत दर महिन्याला बदलणार. त्यात शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. पाळी संपली की लगेचचे दिवस निर्धास्त, हा हिशेब तिच्यासाठी चालणारा नव्हता.

एव्हाना ती बोलायला लागली होती. "शेवटच्या क्षणी माझं सगळं लक्ष तिकडेच असतं. झालं का, वेळेत झालं का. मग महिनाभर तेच." त्याला हे ठाऊकच नव्हतं. मला विचाराल तर विथड्रॉवलची ही बाजू आकड्यांपेक्षा कमी महत्त्वाची नाही. सावरायचं एकाने, आणि भीती वाहायची दुसरीने.

चाचणी त्याच दिवशी करायला सांगितली आणि ती निगेटिव्ह आली. शेवटच्या शंकास्पद संबंधाला तीन आठवडे झाले की पुन्हा करा, तेव्हाचा निकाल भरवशाचा, असंही सांगितलं. कंडोम फाटला किंवा घातलाच नव्हता, तर इमर्जन्सी गोळी आहे. लिव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी 72 तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली. ती बीज सुटणं लांबवते. बीज सुटून गेलं असेल तर तिचा उपयोग होत नाही. म्हणून दर महिन्याचा आधार म्हणून तिच्याकडे बघू नये.

गोळ्या घेणाऱ्या बायकाही हाच प्रश्न विचारतात. रोजची गोळी न चुकता घेतली तर वर्षाला 100 मागे 1 हूनही कमी जणींना दिवस राहतात, चुकतमाकत घेतली तर साधारण 7 जणींना. लागोपाठ दोन गोळ्या राहिल्या, गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, किंवा क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन, फिट्सवरची काही औषधं चालू असली की संरक्षण कमी होतं. त्या काळात विथड्रॉवलवर निभावून नेऊ नका, कंडोम वापरा आणि डॉक्टरांना विचारा.

काही दिवसांनी तिला पाळी आली. दोघं पुन्हा आले ते ठरवूनच. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून तिने तांबी बसवून घेतली. वर्षाला 100 मागे 1 हूनही कमी अपयश, आणि रोज काही आठवणीत ठेवायला नको, हे तिला पटलं होतं. सुरुवातीचे काही महिने रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते, हेही तिने विचारून घेतलं होतं.

पुढच्या भेटीत त्याने विचारलं, "मग आता मी बाहेर काढायची गरज आहे का?" मी म्हटलं, तांबी जागेवर असेल तर नाही. मन निर्धास्त होईपर्यंत करावंसं वाटलं तर करा, त्याने नुकसान काही नाही. ती लगेच म्हणाली, "नको. मला तेवढ्यापुरतं तरी दुसरं काहीतरी सुचू दे."