पाच हजार नंबर, ऑर्डर एकही नाही

प्रश्न : घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. पोळीभाजीचे डबे करते, चतुर्थीला उकडीचे मोदक. सात सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज मेनू टाकते. लोक अंगठा दाखवतात, ऑर्डर कोणी देत नाही.

ताई, ज्या ग्रुपवर दिवसभर टँकर कधी येणार आणि लिफ्ट का बंद यावर वाद चालतो, तिथे तुमची भरली वांगी तासाभरात दिसेनाशी होतात. शिवाय रोज तेच नाव दिसलं की लोक वाचणंच सोडतात. आठवड्यातून एकदाच टाका, आणि त्यात डब्याची किंमत, ऑर्डर किती वाजेपर्यंत, कुठल्या बिल्डिंगपर्यंत पोचवता आणि तुमचा अन्न परवान्याचा नोंदणी क्रमांक एवढं असू द्या. बहुतेक मेनूंत पदार्थ सहा असतात आणि भाव शून्य. भाव विचारायला लोक संकोचतात, मग विचारतच नाहीत.

पण खरी चूक वेगळी आहे. तुम्ही सातही सोसायट्यांना एकच डबा विकताय. मुलं परदेशी असलेल्या आजी-आजोबांना कमी तिखट, कमी तेलाचं आणि बाराच्या ठोक्याला हवं असतं. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात दुपारी कुणी नसतंच, त्यांना रात्रीच्या दोन भाज्या हव्यात. सुरुवातीला यांतला एकच गट धरा. मला विचाराल तर आजी-आजोबा. त्यांचा डबा महिनोन् महिने चालतो.

आणि ज्यांनी आधी दोनदा घेतलंय त्यांचं काय? त्यांची व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. यात एक मेख आहे : ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून पहिला डबा देतानाच ‘माझा नंबर सेव्ह करून ठेवा’ असं तोंडाने सांगा. गणपतीत ज्यांनी मोदक नेले, त्यांना संकष्टीच्या चार दिवस आधी विचारा. आदल्या रात्री विचारून उपयोग नाही, तोवर त्यांनी दुसरीकडे सांगितलेलं असतं.

प्रश्न : नेरूळला दहावीचे क्लास घेतो. एक जण पाच हजार पालकांचे नंबर विकत देतोय. घेऊ?

नको. त्यांतली किती मुलं दहावीत आहेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांनुसार टेलिकॉम कंपनीकडे नोंदणी लागते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेत आणि लोकांनी तक्रारी केल्या तर तुमचाच नंबर बंद होतो, म्हणजे सध्याच्या पालकांशी संपर्कही गेला. त्यापेक्षा नववीची परीक्षा संपण्याआधी आताच्या पालकांनाच विचारा, दहावीत जाणारं धाकटं भावंड किंवा शेजारचं कोणी आहे का.

प्रश्न : राम मारुती रोडला कुर्त्यांचं दुकान आहे. २० टक्के सूट लावली की गर्दी, काढली की शुकशुकाट.

आधी कागदावर हिशेब करा. ७०० रुपयांना पडलेला कुर्ता १,००० ला विकलात तर ३०० सुटतात. २० टक्के सूट दिलीत तर १००. म्हणजे तेवढेच पैसे हाती यायला तिप्पट कुर्ते विकावे लागतात, आणि गाळ्याचं भाडं काही २० टक्क्यांनी उतरत नाही. गर्दी तिप्पट झाली होती का? नसेल, तर ती गर्दी तुम्ही पदरचे पैसे घालून जमवलीत.

दर महिन्याला सूट लागते हे गिऱ्हाईक शिकलंय, ते पाटीची वाट बघतं. सूट फक्त अडकलेल्या मालावर ठेवा, सुटे साइझ वगैरे. बाकीच्या कुर्त्यांची बाही-उंची त्याच दिवशी फुकट कमी-जास्त करून द्या. स्टेशन गाठायच्या घाईतल्या बाईला शंभर रुपयांपेक्षा ते मोलाचं वाटतं.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये सीएनसी जॉबवर्क करतो, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून देतो. बहुतेक काम एकाच कंपनीचं. नव्यांना कोटेशन पाठवतो, उत्तर येत नाही.

कोटेशन पाठवून गप्प बसत असाल तर येणारही नाही. तिसऱ्या दिवशी फोन करा, आणि भाव कमी करू का असं विचारू नका. त्यांच्या ड्रॉइंगचा एक नमुना करून, मापांच्या तपासणीच्या रिपोर्टसह घेऊन जाऊ का, असं विचारा. खरेदी खात्याला महाग जॉबपेक्षा रिजेक्ट झालेल्या जॉबची भीती जास्त असते.

नवं काम मिळवायच्या नादात उधारीची मुदत मात्र वाढवू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून तिचा क्रमांक कोटेशनवर आणि बिलावर छापा. लहान उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे बोलून दाखवायची गरज नाही, बिलावरचा क्रमांक अकाउंटंटला बरोबर कळतो.

प्रश्न : खारघरला पार्लर आहे, सोमवारी बंद. गुगलवर नातेवाइकांकडून पंचतारांकित रिव्ह्यू लिहून घेतले. तरी नवं कोणी येत नाही.

सगळे एकाच आठवड्यातले आणि सगळे ‘बेस्ट सर्व्हिस’ असतील तर वाचणारीला लगेच कळतं. गुगल असे रिव्ह्यू काढूनही टाकतं. खऱ्या गिऱ्हाइकाला काय केलं ते लिहायला सांगा : केसांचा रंग, नवरीचा मेकअप, किती वेळ लागला. बदल्यात सूट देऊ नका, तेही नियमात बसत नाही. आणि वेळापत्रक तपासा. नकाशावर सोमवारी ‘उघडे’ दिसत असेल, तर बंद दारावरून परत गेलेली बाई पुन्हा यायची नाही.