गोव्यात युफोनियमचे कॉलेजच्या तोडीचे खाजगी धडे कुठे घ्यावेत?

तुम्ही फोंड्याचे, बॅण्डात युफोनियम (जाड, खालच्या सुरांचं पितळी फुंकवाद्य) वाजवता, पुढे पदवीला संगीतच घ्यायचंय, आणि ओळखीचे ट्रम्पेटचे सर शिकवायला तयार आहेत. त्यांच्याकडे जावं का, हा तुमचा प्रश्न.

जा की. मी ट्रॉम्बोनवाला, लग्नं, फेस्तं, जत्रा सगळीकडे वाजवतो. सोल्फेज (सूर नावाने वाचून गाणं) पक्कं असलेले मास्तर आपल्याकडे आजही मिळतात, आणि वाचन, ताल, कान यांसाठी ट्रम्पेटचे सर झकास. अडतं ते श्वासापाशी. युफोनियमचा माउथपीस (ओठ टेकवायचा भाग) बराच मोठा, नळी सुमारे नऊ फूट, म्हणजे ट्रम्पेटच्या दुप्पट. हवा भरपूर आणि सैल सोडावी लागते. वरच्या सुरांसाठी ओठ आवळायची सवय लागली, की खालचे सूर घुसमटतात.

तेव्हा सरांचा तास चालू ठेवा आणि महिन्यातून एक-दोनदा युफोनियम किंवा ट्रॉम्बोनच्याच शिक्षकाचा ऑनलाइन तास घ्या. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ (आवाज जसाच्या तसा पाठवणारी सोय) आधी चालू करा. नाहीतर तुमचा लांब धरलेला सूर झूमला पंख्याची घरघर वाटते आणि ते तो कापून टाकतं. समोरचा म्हणतो, श्वास कमी पडला! एटूडचं (सरावाच्या रचनेचं) रेकॉर्डिंग आदल्या दिवशीच पाठवलेलं बरं.

बॅण्डात तुम्ही बहुधा ट्रेबल क्लेफ वाचता (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूण). कागदावर सी, निघतो एक सप्तक आणि एक सूर खालचा बी फ्लॅट. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) सोडून आलेल्या पोराला बोटं नव्याने शिकायला लागू नयेत म्हणून केलेली ही सोय. कॉलेजात मात्र बास क्लेफ येणार, मधूनमधून टेनर क्लेफही. हे काम सरांवर सोपवा, आणि आजपासूनच.

पातळीचा अंदाज हवा तर ट्रिनिटी या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम बघा: आठवी ग्रेड, मग डिप्लोमे, आधी एटीसीएल (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा), मग एलटीसीएल (शेवटच्या वर्षाच्या). नुसती गाणी बसवून देणारा शिक्षक तिथवर नेणार नाही.

वाद्य तीन व्हॉल्व्हचं असेल तर खालच्या ई-नंतर थेट पेडल (म्हणजे अगदी तळाच्या) बी फ्लॅटवर उडी पडते, मधले पाच सूर नीट मिळतच नाहीत. त्यासाठी चौथा व्हॉल्व्ह लागतो, तोही कॉम्पेन्सेटिंग (खालचे सूर बेसूर होऊ नयेत म्हणून जादा नळी जोडणारा). महाग प्रकरण आहे. प्रवेशाचं नक्की होईपर्यंत कुणाचं तरी उसनं मिळतंय का बघा.