इराणी लघुचित्रकलेची वाट फार्सीतून जाते

नगरहून लिहिलेले तुमचे पत्र मिळाले. तुम्ही चित्रकलेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहात, पुढे इराणी लघुचित्रशैलीतच काम करायचे ठरवले आहे, आणि वडील विचारतात की यावर पोट कसे भरणार. त्यांचा प्रश्न रास्त आहे.

तुम्ही ‘इराणी शैली’ असा एकवचनी उल्लेख केला आहे. प्रत्यक्षात त्या शहरागणिक आणि काळागणिक बदलणाऱ्या अनेक शैली आहेत. मंगोल राजवटीतल्या तब्रीझ या इराणी शहराच्या चित्रांत चिनी वळणाचे ढग आणि डोंगर दिसतात. तैमूरच्या वंशजांच्या हेरातमध्ये, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, राजपुत्र बायसुंगुरच्या किताबखान्यात (ग्रंथ घडवणाऱ्या कार्यशाळेत) १४३० मध्ये शाहनामा या फिर्दौसीच्या फार्सी महाकाव्याची प्रत सिद्ध झाली आणि त्याच शहरात पुढे बिहजाद हा चित्रकार घडला. सफवी घराण्याच्या काळात तब्रीझमध्ये शाह तहमास्प या राजासाठी २५८ चित्रांचा शाहनामा तयार झाला. तर इस्फहानच्या रझा अब्बासी या चित्रकाराने (मृत्यू १६३५) एकट्या माणसाची सुटी चित्रे लोकप्रिय केली. रझापूर्वीचे चित्र हे बहुतांशी पुस्तकाचे पान असे. सुलेखनकार मजकूर लिहून जागा सोडी आणि चित्रकार ती भरी. म्हणून फार्सी न येणाऱ्याला ते पान अर्धेच दिसते. पदवीच्या उरलेल्या काळात ब्रशाइतकाच वेळ फार्सीला द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ नव्याने लघुचित्रे काढून विकण्यावर घर चालेल, असे मी वडिलांना सांगू शकत नाही. मात्र हस्तलिखितांचे जतन, सूचीकरण आणि कलेतिहासाचे अध्यापन ही कामे खरी आहेत, आणि तिथे हातात कला व डोक्यात लिपी असणारी माणसे मोजकीच सापडतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे केंद्र आहे. मोडीही शिकलात तर मराठेशाहीच्या दफ्तरांचे दारही उघडेल. तुमची रंगांची आवड तर जतनात थेट कामी येईल: तांब्यापासून केलेला जंगाल हा हिरवा रंग कालांतराने कागद खातो, आणि अशा पानाला हात लावण्यापूर्वी रंग कसा बनला होता हे कळावे लागते.

तब्रीझला जाण्याआधी पुण्याला जा. तुमच्याच गावच्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सोळाव्या शतकातले सचित्र फार्सी काव्य तिथल्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातली पानांची रचना इराणी वळणाची, पण स्त्रियांचे पेहराव इथले आहेत. हुसेनच्या राणीची आकृती बऱ्याच चित्रांत नंतर कुणीतरी पुसून टाकली आहे. महाविद्यालयाचे पत्र घेऊन रीतसर परवानगी मागा, आणि शक्य झाल्यास वडिलांनाही सोबत न्या.