बेळगावची मुलगी क्रिकेट खेळायची तर पुण्याला जावंच लागतं का?

बेळगावच्या एका पालकांनी विचारलंय: मुलगी बॅटिंग आणि ऑफस्पिन दोन्ही करते, क्रिकेटसाठी तिला पुण्याला हलवावं का? नाही, तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीला पुण्याला हलवायची गरज नाही. घरात मराठी बोलत असलो तरी क्रिकेटच्या नकाशावर आपण कर्नाटकात. बेळगाव कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेच्या धारवाड झोनमध्ये (विभागात) येतं, त्यामुळे वाट निवड चाचणीतूनच: आधी १५ वर्षांखालील, मग १९, मग सीनियर. माझी भाची याच चाचण्यांना जाऊन आलीय. कागदपत्रांची फाईल पक्की ठेवा, जन्मदाखल्यावर वय काटेकोर बघतात.

ती बॅटिंग आणि ऑफस्पिन दोन्ही करते म्हणालात, तर एवढ्यात एक सोडायला लावू नका. कर्नाटकचीच श्रेयांका पाटील ऑफस्पिन टाकते, खालच्या क्रमांकावर येऊन फटकेही मारते. २०२४ च्या डब्ल्यूपीएलमध्ये (महिला प्रीमियर लीग) १३ बळी घेऊन तिनं सर्वाधिक बळींसाठीची पर्पल कॅप मिळवली. आणि भारताची अष्टपैलू दीप्ती शर्मा? २०२५ च्या महिला विश्वचषक फायनलला ५८ धावा आणि ५ बळी.

फक्त एक: खालच्या वयोगटात ‘दोन्ही थोडं थोडं’ करणाऱ्या पोरी ढीगभर असतात. निदान एका कामाच्या जोरावर संघात जागा मिळाली पाहिजे, दुसरं काम ही वरची भर. पुढं शिक्षणासाठी महाराष्ट्रात गेलीच, तर तिथून खेळण्यासाठी वास्तव्याचे नियम आणि एनओसी (ना हरकत पत्र) बघावी लागेल.